आईविना सापडलेली कुत्र्याची पिल्लं: ऊब, बाटलीचं दूध आणि पहिले काही आठवडे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की माझा फोन वाजायला लागतो, तो संक्रांतीपर्यंत थांबत नाही. गावठी कुत्र्यांची वीण बहुतेक याच दिवसांतली. मी नाशिकला राहते. इथला डिसेंबर-जानेवारीचा गारठा कसा असतो, ते निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. फोनवरचे प्रश्न दरवर्षी तेच असतात आणि उत्तर मिळायला गेलेला एकेक तास पिल्लाला महागात पडतो, म्हणून इथे सगळं एकदा नीट लिहून ठेवते. मी पशुवैद्य नाही, घरात अशी पिल्लं वाढवणारी बाई आहे. औषधांचे डोस इथे सापडणार नाहीत. ते डॉक्टरांनी पिल्लाला बघून ठरवायचे.

बांधकामाच्या वाळूत चार पिल्लं आहेत. आई दिसत नाही. उचलून घरी आणू का?

थांबा. आधी पिल्लांकडे नीट बघा. ती एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपली असतील, पोटं गोल असतील, हात लावल्यावर अंग कोमट लागत असेल, तर आई येऊन-जाऊन आहे. पोट भरायला बाहेर पडली असेल. तुम्ही तिथे उभ्या असेपर्यंत ती जवळ येणार नाही. लांब जा, दोन-चार तास नजर ठेवा. नजर ठेवणं शक्य नसेल तर पिल्लांभोवती थोडी कणीक भुरभुरून ठेवा. ती येऊन गेली की पावलं उमटतात.

पिल्लं गार लागत असतील, एकेकटी सरपटत असतील, अंगाला मुंग्या लागल्या असतील किंवा रडणं थांबतच नसेल, तर मात्र वाट बघू नका. उचला.

माणसाचा हात लागला की कुत्री पिल्लं टाकते, हे खरं नाही. वाळूवर जेसीबी चालणार असेल, पाणी शिरणार असेल, तर पिल्लं चार-पाच पावलांवर आडोशाला हलवा आणि आईला सापडतील अशी ठेवा. पण "बिचारी आहेत" म्हणून घरी नेऊ नका. आईच्या दुधाच्या तोडीचं काही कुठल्याच डब्यात मिळत नाही. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसात आईच्या चिकातून मिळणारी रोगप्रतिकारशक्ती तर पुन्हा कधीच मिळत नाही, कारण पिल्लाचं आतडं ती साधारण २४ तासच शोषून घेऊ शकतं.

आई गाडीखाली गेली. पिल्लं माझ्या हातात आहेत. पहिल्या तासात काय करू?

ऊब द्या. दूध नंतर.

हे मी प्रत्येक फोनवर सांगते आणि तरीही निम्म्या वेळा पलीकडून उत्तर येतं, "थोडं दूध पाजलंय आम्ही, चमच्याने." त्यामागची माया मला कळते. रडणारं बाळ दिसलं की आपला हात दुधाकडेच जातो. पण गारठलेल्या पिल्लाचं आतडं थांबलेलं असतं. पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, नासतं, पोट फुगतं. चोखण्याची-गिळण्याची ताकदही गेलेली असते, त्यामुळे दूध श्वासनलिकेत उतरतं. मी वाचवायला घेतलेलं पहिलं पिल्लू असंच गेलं. थंडगार होतं, मी त्याला मांडीवर उताणं घेतलं आणि ड्रॉपरने गाईचं दूध घातलं. पहाटेपर्यंत संपलं. या पानावरचं निम्मं मला त्या रात्रीने शिकवलं आहे.

पिल्लाच्या तोंडात करंगळी घाला. तोंड आतून कोमट लागलं आणि ते बोट चोखू लागलं, तर पाजता येईल. आतून गार लागलं तर आधी ऊब. मेडिकलमध्ये मिळणारा डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात अगदी टोकापुरता, व्हॅसलीन लावून ठेवला तर नक्की आकडा कळतो. पहिल्या आठवड्यात ९५ ते ९८ फॅरनहाइट हे पिल्लाचं नेहमीचं तापमान. आपल्यापेक्षा कमी, म्हणून घाबरू नका. ९५ च्या खाली असेल तर दूध बंद. महिन्याचं होईपर्यंत ते मोठ्या कुत्र्यासारखं शंभरच्या वर जातं.

गारठलेलं पिल्लू हळूहळू गरम करायचं असतं, एक ते तीन तास घेऊन. सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमच्या स्वेटरच्या आत, छातीशी, कातडीला कातडी लावून. हेअर ड्रायर, गरम पाण्यात बुडवणं, चुलीपुढे धरणं यांतलं काहीही नको. फारच मलूल असेल तर ग्लुकोज पावडर कोमट पाण्यात कालवून बोटाने एक-एक थेंब हिरडीला चोळा. घशात ओतू नका. आणि तेवढ्यात घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी डॉक्टरांना फोन लावायला सांगा.

घरात ऊब टिकवायची कशी?

पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताही येत नाही, अंगातली पुरेशी उष्णता ते स्वतः तयार करू शकत नाही. म्हणून त्याच्या जागेचं तापमान तुम्ही सांभाळायचं. पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश सेल्सिअस, पुढे हळूहळू कमी करत चौथ्या आठवड्याला २३-२४ पर्यंत.

पुठ्ठ्याचं उंच काठाचं खोकं घ्या. तळाला वर्तमानपत्रं, वर जुनी गोधडी किंवा सुती चादर. टर्किशचा टॉवेल नको, नखं धाग्यांत अडकतात. रबरी गरम पाण्याची पिशवी दोन कापडांत गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी आणि तुलनेने गार ठेवा. पिल्लाला जास्त गरम झालं तर सरकायला जागा हवी. कापड न गुंडाळलेली पिशवी भाजते, आणि इतकं लहान पिल्लू भाजलं तरी बाजूला होत नाही. पिशवी निवली की लगेच बदला, कारण थंड पाण्याची पिशवी उलट पिल्लाचीच ऊब ओढून घेते. मोज्यात तांदूळ भरून, गाठ मारून, तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कोमट केलेली पुरचुंडीही छान काम करते. वीज जाणाऱ्या गावांत तर तीच खरी.

शेगडीतले निखारे बंद खोलीत कधीही ठेवू नका. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूने (कार्बन मोनॉक्साइड) पिल्लं आणि माणसं दोन्ही जातात. बल्ब लावायचा असेल तर जुना, तापणारा पिवळा (एलईडी नाही), तार पक्की बांधून, खोक्यापासून दीड-दोन हात वर, आणि खाली हात धरून दहा मिनिटं स्वतः बघून मगच.

पिल्लंच तुम्हाला सांगतात. गठ्ठा करून रडत असतील तर थंडी वाजते आहे. एकमेकांपासून लांब, तोंड उघडं टाकून पडली असतील तर उकडतं आहे. सैलसर ढीग करून, झोपेत मधूनच पाय झटकत असतील तर सगळं बरोबर आहे. ते झटकणं म्हणजे आकडी नाही, निरोगी झोप आहे.

वय कसं ओळखायचं?

नाळ ओली असेल तर काही तासांचं. वाळलेली नाळ लोंबत असेल तर एक-दोन दिवसांचं, ती दोन-तीन दिवसांत गळते (ओढू नका, बुडाशी बीटाडीन लावा). डोळे मिटलेले आणि कान चिकटलेले असतील तर दोन आठवड्यांच्या आतलं. डोळ्यांची फट १० ते १४ दिवसांत उघडते, आतली बुबुळं निळसर दिसतात, ते बरोबरच आहे. कान त्यानंतर थोड्याच दिवसांत उघडतात. डुलत-पडत चालायला लागलं की तिसरा आठवडा. हिरडीवर बोट फिरवून सुळ्यांची टोकं लागली तर तीन ते चार आठवडे.

गाईचं दूध पाणी घालून दिलं तर?

नको. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सगळ्यात जास्त पिल्लं इथेच हगवणीने जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

कुत्रीचं दूध फार दाट असतं. त्यात स्निग्धांश ९ टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिनं ७ ते ८ टक्के. गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार आणि प्रथिनं जेमतेम सव्वातीन. लॅक्टोज ही दुधातली साखर मात्र गाईच्या दुधात जास्त, जवळपास ५ टक्के. म्हणजे जे हवं ते अर्धं आणि जे पचत नाही ते जास्त. त्यात आपण पाणी घालतो. पिल्लाचं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही, आणि वर जुलाब. म्हशीच्या दुधात साय भरपूर, पण प्रथिनं कमीच पडतात आणि लॅक्टोज तितकंच. शेळीचं दूध काहींना थोडं सोसतं, पण तेही अपुरंच. माणसाच्या बाळाची पावडर आईच्या दुधाच्या बेताची, म्हणजे आणखी गोड आणि आणखी पातळ.

कुत्र्याच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणा. रॉयल कॅनिनचं बेबीडॉग मिल्क, बीफारचं लॅक्टॉल ही नावं प्राण्यांच्या दुकानात सांगितली की कळतात. महाग आहे, मान्य. चार पिल्लं असतील तर गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढा, आम्ही दरवर्षी काढतो. पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेच ठेवा. पावडर पुरवण्यासाठी पातळ केलं की पिल्लू उपाशी राहतं, ताकद यावी म्हणून घट्ट केलं की बद्धकोष्ठ होतं.

गावाकडून आणखी एक प्रश्न येतो: गाय व्यायली आहे, तिचा चीक देऊ का? गाईच्या चिकातली प्रतिकारशक्ती गाईच्या रोगांपुरती असते, पिल्लाला तिचा आधार मिळत नाही आणि पोट बिघडतं. त्याचा खरवस करा.

रात्रीचे अकरा वाजलेत, दुकानं बंद आहेत. आत्ता काय देऊ?

एक-दोन दिवस तग धरण्यापुरतं घरी करता येतं. एक कप (२४० मिली) सायीसकट दूध उकळून कोमट करा, त्यात तीन अंड्यांचा फक्त पिवळा बलक, एक चमचा खाण्याचं तेल आणि चिमटीभर मीठ घालून फेस न आणता घुसळा आणि गाळून घ्या. पांढरा बलक घालू नका, कच्च्या पांढऱ्या बलकामुळे बायोटिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. अंडी ताजी हवीत. साखर, गूळ, मध नको. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं की हे बंद.

बाटली, सिरिंज की वाटी-चमचा?

चोखता येणाऱ्या पिल्लाला पिल्लांची छोटी बाटली. तिच्या निपलला बहुतेक वेळा भोक नसतं, ते तापवलेल्या सुईने पाडायचं. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंब-थेंब पडलं पाहिजे. धार लागली तर भोक मोठं झालं, ते निपल टाकून द्या. अगदी लहान किंवा अशक्त पिल्लाला सुई काढलेली १ किंवा २ मिलीची सिरिंज, पण दट्ट्या तुम्ही दाबायचा नाही. थेंब जिभेवर येऊ द्या, ते गिळू द्या, मग पुढचा. माणसाच्या बाळाची बाटली त्याच्या तोंडात मावत नाही.

बोंडलं, चमचा, शिंपली यांनी आपल्या आज्यांनी आपल्याला वाढवलं. पिल्लाला मात्र त्यांनी पाजू नका. वरून ओतलेलं दूध त्याला आवरता येत नाही.

अजिबात चोखत नसलेल्या पिल्लाला नळीने पाजतात. ते डॉक्टरांकडून शिकल्याशिवाय करू नका. नळी चुकून फुप्फुसाकडे गेली तर पिल्लू तुमच्या हातातच जातं.

पाजताना धरायचं कसं?

पोटावर. कुत्रीला पाजताना बघा. ती आडवी असते आणि पिल्लं पोटावर पडून, मान थोडी वर करून, पुढच्या पायांनी तिला दाबत पितात. आपल्यालाही तसंच करायचं आहे. मांडीवर पंचा अंथरा, पिल्लू पालथं ठेवा, एका तळव्याने छातीखाली आधार द्या. बाटली समोरून, किंचित तिरकी, निपलमध्ये हवा राहणार नाही अशी. डोकं मागे मोडायचं नाही. तान्ह्या बाळासारखं कुशीत उताणं घेतलं की दूध सरळ फुप्फुसात जातं. फोटोंमध्ये उताणं पाजलेलं गोड दिसतं, आणि त्यामुळेच ही चूक पसरते.

पुढच्या पायांखाली कापडाची गुंडाळी द्या, पिल्लू तिला दाबत राहतं आणि जोर लावून पितं. निपल ओठाला घासा, एक थेंब बाहेर काढून चव द्या. आत जीभ गुंडाळून धरली आणि ओढ जाणवली की ते नीट पितं आहे. बाटली हलकेच मागे ओढल्यासारखी धरली तर आणखी जोर लावतं. बाटली पिळू नका. कितीही घाई असली तरी.

दूध मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघा, कोमट लागलं पाहिजे, गरम नाही. पिऊन झालं की खांद्याशी उभं धरून पाठीवर हळू थोपटा, ढेकर येऊ द्या. पोट गोल झालं पाहिजे, टणक नाही. शेवटी तोंड ओल्या कापडाने पुसा. हनुवटीखाली वाळलेल्या दुधाने कातडी सोलवटते आणि मुंग्या येतात.

बाटल्या प्रत्येक वेळी धुवा आणि उकळा. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, पिऊन उरलेलं पुन्हा गरम करू नका.

किती आणि किती वेळा?

डब्यावरचा तक्ता पहिला. तो नसेल तर वजनाच्या दर १०० ग्रॅममागे दिवसाला पहिल्या आठवड्यात १३ ते १५ मिली, दुसऱ्यात १७, तिसऱ्यात २०, चौथ्यात २२ मिलीच्या आसपास धरा. म्हणजे ३०० ग्रॅमच्या नवजात पिल्लाला दिवसभरात ४० ते ४५ मिली, आठ वेळात वाटून एका वेळी साधारण ५ ते साडेपाच मिली. एका बैठकीत १०० ग्रॅममागे ४ मिलीच्या वर जाऊ नका, इवलंसं पोट असतं. पहिल्याच दिवशी पूर्ण प्रमाण नको. कमी मापापासून सुरू करून दोन दिवसांत वाढवा.

पहिला आठवडा दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसरा आठवडा तीन-चार तासांनी. वजन नीट वाढत असेल तर तिसऱ्या आठवड्यात रात्री पाच तासांची झोप तुम्हालाही मिळते. दोघी-तिघींनी पाळ्या लावा. एकटीने पंधरा दिवस रात्र-रात्र जागून केलेल्या कामात चुका होतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

दूध नाकातून आलं!

लगेच थांबा. पिल्लाचं डोकं खाली, धड वर असं तिरकं धरा, नाक पुसा, पाठ हलकेच चोळा. हात वर नेऊन झुलवण्याचा जुना प्रकार करू नका, मेंदूला इजा होते. श्वास शांत झाला तरी पुढच्या पाळीला भोक तपासा, धार तपासा, धरण्याची पद्धत तपासा. पुढचे दोन-तीन दिवस कान लावून ऐका. श्वास जलद, घरघर, नाक वाहतं, पिण्यात रस नाही, हिरड्या निळसर: यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. हा न्यूमोनिया वाट बघत नाही.

प्रत्येक वेळी नाकातून येत असेल तर बॅटरी लावून टाळू बघा. टाळूला फट असलेलं पिल्लू बाटलीने पिऊ शकत नाही.

दोन दिवस झाले, शी-शू केलीच नाही.

कारण ती त्याला स्वतःहून येत नाही. आई चाटते तेव्हाच होते. साधारण तीन आठवड्यांचं होईपर्यंत हे काम तुमचं. प्रत्येक दुधाच्या आधी किंवा नंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा शूच्या आणि शीच्या जागी हळूहळू, चाटल्यासारखा फिरवा. मिनिटभरात होते. घासू नका, कातडी लाल होते.

शू फिक्या पिवळ्या रंगाची हवी. गडद असेल तर पाणी कमी पडतं आहे. शी मोहरीच्या रंगाची, टूथपेस्टसारखी हवी. हिरवट किंवा पाण्यासारखी झाली तर एखादी पाळी प्रमाण कमी करा आणि डॉक्टरांना विचारा. पांढरी, दह्याच्या चोथ्यासारखी म्हणजे दूध पचतच नाही. रक्त दिसलं तर विचारत बसू नका, निघा.

वजन खरंच रोज करायचं?

हो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि कॅलेंडरची मागची बाजू, एवढंच लागतं. रोज एकाच वेळी, दुधाच्या आधी. गावठी पिल्लू जन्मतः अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या आसपास असतं, रोज ५ ते १० टक्के वाढायला हवं आणि आठ-दहा दिवसांत दुप्पट. पिल्लू आजारी पडणार असेल तर डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला दिसतं. एक दिवस वजन थांबलं तर सावध व्हा, उतरलं तर त्याच दिवशी फोन करा. सारखी दिसणारी पिल्लं असतील तर नखाला वेगवेगळं नेलपॉलिश लावा. गळ्यात दोरा नको, अडकतो.

सतत रडतं. / अजिबात रडत नाही.

रडणाऱ्याला बहुधा थंडी, भूक किंवा पोटातला वारा यांपैकी काहीतरी असतं. त्याच क्रमाने तपासा. मला काळजी वाटते ती रडणं थांबवलेल्याची. हातात घेतल्यावर वळवळ न करणारं, ओल्या कपड्यासारखं लोंबणारं, भावंडांपासून बाजूला पडणारं पिल्लू मरणाच्या वाटेवर असतं. "शांत झोपलंय" असं समजून सकाळपर्यंत ठेवू नका.

अंगभर पिसवा आहेत. अंघोळ घालू?

साधी अंघोळ नको, गारठून जातं. कोमट ओल्या कापडाने भागाभागाने पुसा आणि लगेच कोरडं करा. पण पिसवा आणि गोचीड हलक्यात घेऊ नका. पाव किलोच्या जिवाचं रक्त त्या दोन-चार दिवसांत संपवू शकतात. हिरड्या गुलाबीऐवजी पांढुरक्या दिसल्या तर ते रक्त कमी झाल्याचं लक्षण. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवा, गोचीड चिमट्याने बुडाशी धरून सरळ ओढा. मोठ्या कुत्र्यांचं औषध, पावडर, फिनेल, रॉकेल यांतलं काही लावू नका. कोणता फवारा इतक्या लहान पिल्लाला चालतो ते डॉक्टर सांगतील. जखमेत अळ्या असतील तर टर्पेंटाईन ओतू नका, थेट दवाखाना.

बाळगुटी, ग्राईप वॉटर, तापाचे थेंब?

नाही, नाही आणि नाही. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या पिल्लाला विषारी ठरू शकतं.

जंताचं औषध आणि लसी कधी?

जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, काही दुधातूनही. म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं आणि दोन महिन्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी द्यावं लागतं, वजन करून, डॉक्टरांनी सांगितलेलं. पोट ढोल आणि बरगड्या दिसतात ते बहुधा जंतच.

पार्व्हो, डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची लस पिल्लं सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, साधारण चार महिन्यांपर्यंत. रेबीजची पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. तोवर पिल्लाला रस्त्यावर खाली ठेवू नका, बाहेरचे जोडे खोक्याजवळ नेऊ नका. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने जगतो. आधीचं पिल्लू त्याने गेलं असेल तर फरशी ब्लीचच्या पाण्याने (एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी) पुसल्याशिवाय नवीन पिल्लू तिथे आणू नका.

घरात लहान मूल आहे. रेबीजची भीती वाटते.

भीती रास्त आहे. इवलं पिल्लूही, त्याला पिसाळलेलं जनावर चावलं असेल तर, रेबीज देऊ शकतं. दात दुधाचे आहेत म्हणून सूट नाही. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. दरवर्षी पिल्लं सांभाळणाऱ्यांनी आधीच प्रतिबंधक लस घेऊन ठेवावी. मी घेतली आहे. जंतांची अंडी शीमधून मुलांच्या हातातोंडात जातात, म्हणून हात धुण्याबाबत कडक राहा आणि पिल्लांची चादर वेगळी धुवा.

वरचं खाणं कधी?

दात टोचायला लागले, निपल चावायला लागलं, की साडेतीन-चार आठवड्यांचं झालं असं समजा. पिल्लांचं स्टार्टर खाणं कोमट पावडरच्या दुधात भिजवून पेजेसारखं पातळ करा आणि उथळ ताटलीत ठेवा. पहिले दोन दिवस ते त्यात चालतं, बसतं, नाकपुड्यांत घालून शिंकतं. बाटली एकदम बंद करू नका, हळूहळू एकेक पाळी कमी करा. सहाव्या आठवड्यापर्यंत खाणं घट्ट होतं. उकडलेलं अंडं, मऊ भात आणि बिनमसाल्याचं चिकन चालतं. दूध-पोळीवर वाढवू नका, पोट भरतं पण हाडं भरत नाहीत. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट कधीच नाही. पिण्याचं पाणी चौथ्या आठवड्यापासून समोर हवं.

एकच पिल्लू वाचलं. त्याला काही वेगळं लागतं?

लागतं. भावंडांत वाढणारं पिल्लू जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबवतं, त्यातून दाताला आवर घालायला शिकतं. एकट्याला हे कोणी शिकवत नाही. त्याच्याएवढंच, निरोगी, जंताचं औषध झालेलं दुसरं अनाथ पिल्लू कुणाकडे असेल तर दोघांना एकत्र वाढवा. दूध देणारी कुत्री ओळखीत असेल आणि डॉक्टर हरकत नाही म्हणाले, तर तिच्या पिल्लांच्या चादरीवर याला चोळून, तुमच्या नजरेसमोर तिच्याजवळ सोडून बघा. काही कुत्र्या चाटून जवळ घेतात, आणि मग बाटलीची गरजच उरत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत माणसांचे आवाज, कुकरची शिट्टी, लहान मुलं, छत्री हे सगळं त्याला घराच्या आत बघू द्या.

इतकं करूनही पिल्लू गेलं. माझं काय चुकलं?

कदाचित काहीच नाही. चीक न मिळालेली, जन्मतः दोष असलेली पिल्लं तज्ज्ञांच्या हातातही जातात, पहिल्या दोन आठवड्यांत जास्त. वजनाचा कागद डॉक्टरांना दाखवा, राहिलेल्या भावंडांसाठी त्यातून काही कळतं का बघा. आणि रडू आलं तर रडा. पाव किलोचा जीव असला तरी तुम्ही त्याच्यासाठी रात्री जागलेल्या असता.

डॉक्टर कुठे शोधायचे?

गावात असाल तर पशुसंवर्धन विभागाचा पशुवैद्यकीय दवाखाना आहेच, तिथले डॉक्टर गाई-म्हशींत गुंतलेले असले तरी पिल्लू बघतात. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही उपचार होतात. आज गरज नसेल तरी रात्री फोन उचलणाऱ्या एका डॉक्टरांचा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा.

सोसायटीवाले म्हणतात, पोत्यात घालून लांब सोडून या.

त्यांना शांतपणे सांगा की प्राण्याला उपाशी-तहानेलं मरायला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. आणि त्याबरोबरच त्यांच्या उपयोगाचंही सांगा. आई जिवंत असेल तर पिल्लं दूध सोडेपर्यंत दोन महिने थांबू, मग तिची नसबंदी करून घेऊ. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे तिला परत याच जागी सोडायचं असतं, पण पुढच्या दिवाळीला इथे पिल्लं नसतील. आमच्या गल्लीत हे बोलणं चालून गेलं. विरोध करणाऱ्या काकांनीच नंतर खोक्यासाठी पुठ्ठा आणून दिला.

घर शोधून द्यायला कधी सुरुवात करू?

फोटो पाचव्या आठवड्यापासून पाठवा, पिल्लू मात्र आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय देऊ नका. घेणाऱ्यांच्या घरी एकदा जाऊन या. घरातल्या सगळ्यांना हवं आहे का, गावी जाताना कुठे ठेवणार, गच्चीवर बांधणार का, हे स्पष्ट विचारा. लसीचं कार्ड, वजनाचा कागद आणि खोक्यातल्या गोधडीचा एक तुकडा बरोबर द्या. नव्या घरातल्या पहिल्या रात्री त्या तुकड्यावर नाक ठेवून ते झोपतं.